पासवर्ड म्हणजे सही : तंजावरच्या केसपेपरपासून वॉर्डातल्या लॉगिनपर्यंत

रात्रीचे दोन वाजले आहेत असं समजा. घरातलं कुणीतरी दवाखान्यात दाखल आहे आणि तुम्ही पलंगाशेजारच्या स्टुलावर डुलक्या घेत बसला आहात. सिस्टर येतात, ताप बघतात, सलाइनचा वेग तपासतात, इंजेक्शन देतात आणि काउंटरवरच्या संगणकाकडे जातात. संगणक उघडाच असतो. दुपारच्या पाळीतल्या सिस्टरांचं लॉगिन तसंच चालू राहिलेलं असतं. रात्रीच्या सिस्टर त्यातच नोंद करतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात.

तुम्हाला यात काही वावगं वाटत नाही. इंजेक्शन वेळेवर मिळालं, नोंदही झाली. पण संगणकाच्या हिशेबी ते इंजेक्शन दिलं घरी झोपलेल्या सिस्टरांनी.

आता समजा, सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना मात्रेबद्दल शंका आली. कुणाला विचारायचं? नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचत नाही, आणि ज्यांचं नाव आहे त्यांना काहीच ठाऊक नाही. त्या गोंधळात जो वेळ जातो, तो तुमच्या माणसाचा असतो. आणि प्रकरण चौकशीपर्यंत गेलं, तर नोकरी पणाला लागते ती अशा बाईची, जिने त्या रात्री पेशंटला पाहिलंही नव्हतं.

दवाखान्यातलं लॉगिन आपल्याला कटकट वाटते. खरं तर ती सही आहे. नोंदीखाली कुणाची सही हवी हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही, तो कागदाइतकाच जुना आहे. तो समजून घ्यायला आधी जरा दक्षिणेला जाऊ, आपल्याच मराठी माणसांच्या तंजावरला.

राजाच्या दवाखान्यातले कागद

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य उभं केलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. या घराण्यातले सगळ्यांत विद्याव्यासंगी राजे म्हणजे दुसरे सरफोजी. जन्म १७७७ चा, गादीवर आले १७९८ मध्ये, निधन १८३२ मध्ये. कारभाराची सत्ता बहुतेक इंग्रजांकडे गेली होती, पण राजांनी आपला वेळ आणि पैसा ग्रंथ, संगीत आणि वैद्यक यांत घातला. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आज जगभर ओळखलं जातं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांनी चालवलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा वेगवेगळ्या पद्धतींचे वैद्य काम करत. अनुभवाने गुणकारी ठरलेली औषधं तमिळमध्ये पद्यबद्ध करून ठेवली गेली. पुढे ती ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने छापलीही गेली.

आपल्या विषयाला लागून असलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. सरस्वती महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी सापडल्या आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता याची माहिती आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकाराकडून डोळा जसा दिसतो तसा काढून घेतलेला. आजच्या भाषेत हा केसपेपरच. आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी या कागदांचा अभ्यास केला आहे, आणि शस्त्रक्रियांत राजे स्वतः भाग घेत असत असं अभ्यासक सांगतात.

जवळजवळ दोनशे वर्षांनंतर एखादा डॉक्टर त्या कागदावर विसंबू शकतो, कारण नोंद करणाऱ्यांनी ती मोघम ठेवली नाही. नोंदीची किंमत अशीच ठरते. अक्षर सुंदर असण्यापेक्षा, कुणाबद्दल, कधी आणि कोणत्या जबाबदारीने लिहिलं हे कळणं महत्त्वाचं.

शिक्का आणि मोर्तब

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे. १८०३ चा. सरफोजी राजांच्या आज्ञेवरून चिटणीस बाबुराय यांनी तो लिहिला. म्हणजे दगडावर कोरतानासुद्धा कुणाच्या हुकमाने, कुणी आणि केव्हा, हे तिन्ही राहिलं.

मराठी दप्तरांची ही जुनी शिस्त. ‘शिक्कामोर्तब झालं’ असं आपण आजही सहज बोलतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्राच्या माथ्यावर शिक्का, म्हणजे हे कुणाच्या अधिकाराने लिहिलं त्याची खूण. आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे पत्र इथेच संपलं, यापुढे कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे.

चांगली रुग्णालय संगणक-प्रणाली हेच दोन्ही करते. लॉगिन हा शिक्का. नोंद जतन होताना तिला आपोआप चिकटणारी तारीख-वेळ आणि त्यानंतर तिच्यावर लागणारं कुलूप हे मोर्तब. चूक झाली तर जुनी ओळ पुसता येत नाही. दुरुस्ती वेगळी लिहावी लागते, दुरुस्त करणाऱ्याच्या नावासह, आणि मूळ ओळ खाली तशीच राहते. कोण आत आलं, काय पाहिलं, काय बदललं याची एक रोजनिशी प्रणाली स्वतःच लिहीत जाते. भारत सरकारने २०१६ मध्ये सुधारून जाहीर केलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींच्या मानकांत ही रोजनिशी, प्रत्येकाची स्वतंत्र ओळख आणि काही वेळ काम नसेल तर आपोआप बंद होणारं लॉगिन या गोष्टी सांगितलेल्या आहेत.

चिटणिसाने शिक्का शेजाऱ्याला वापरायला दिला तर दरबारात काय झालं असतं, ते सांगायला नको. मग आज वॉर्डात तो सर्रास कसा दिला जातो?

पासवर्ड का वाटला जातो?

कर्मचारी निष्काळजी आहेत म्हणून, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण वॉर्डात थोडा वेळ उभं राहून पाहा. संगणक एक, माणसं सहा. औषधांची प्रणाली वेगळी, लॅबची वेगळी, बिलाची वेगळी, प्रत्येकीचा पासवर्ड निराळा. नवीन रुजू झालेल्या सिस्टरांचं लॉगिन यायला काही दिवस लागतात, पण पेशंट तर पहिल्याच दिवशी समोर असतात. पलीकडच्या खाटेवर कुणाला धाप लागली असताना ‘पासवर्ड चुकीचा आहे’ हा संदेश वाचत कोण बसणार? मग संगणकाच्या कडेला चिठ्ठी चिकटते आणि सगळा वॉर्ड एकाच नावाने काम करू लागतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कर्मचाऱ्यांना चिप असलेलं स्मार्टकार्ड आणि पिन दिला जातो. २००७ च्या सुमारास तिथल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात लॉगिनला एक ते दीड मिनिट लागू लागलं. शेवटी तिथल्या व्यवस्थापनानेच पाळीभर एकच कार्ड सर्वांनी वापरायला मुभा दिली. सुरक्षिततेचे नियम कडक होते, यंत्रणा महागडी होती, तरी एका मिनिटाने तिला हरवलं.

यातून शिकायचं ते हे की, आत जाण्याची वाट जितकी संथ, तितकी पळवाट पक्की. म्हणून चांगल्या रुग्णालयात आता कार्ड टेकवलं की दोन-तीन सेकंदांत आपलं पान उघडतं आणि कार्ड उचललं की बंद होतं, अशी सोय करतात. बोटाचा ठसा चालतो, पण हातमोजे घातलेल्या किंवा दिवसभर सॅनिटायझर लावून कोरड्या पडलेल्या बोटांना तो दगा देतो. चेहरा ओळखणारी यंत्रं मास्कपुढे अडखळतात. त्यामुळे वॉर्डासाठी कार्ड आणि छोटा पिन ही जोडी बहुधा सोयीची ठरते. घरून किंवा बाहेरून प्रणालीत शिरायचं असेल तेव्हा मात्र पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड हवाच.

पासवर्डबद्दलची एक जुनी समजूतही सोडायला हवी. दर महिन्याला तो सक्तीने बदलायला लावला की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात किंवा कागदावर लिहून ठेवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात ही सक्ती टाळायला सांगितलं. त्यापेक्षा चार-पाच शब्दांचं लांब, स्वतःला आठवणारं वाक्य ठेवावं, आणि तो फुटल्याची शंका आली की लगेच बदलावा.

दार उघडं राहिलं तर

१२ जून २०२३ ला देशभर खळबळ उडाली. लसीकरणाच्या को-विन पोर्टलवर नोंदलेल्या लोकांची माहिती टेलिग्रामवरचा एक बॉट दाखवत असल्याच्या बातम्या आल्या. पोर्टल सुरक्षित आहे आणि बातम्यांना आधार नाही, असं आरोग्य मंत्रालयाने सांगितलं. ओटीपीने आपली माहिती पाहणारा नागरिक, लॉगिन असलेला अधिकृत कर्मचारी आणि मान्यता दिलेली इतर ॲप्स, अशा तीनच वाटा पोर्टलमध्ये आहेत, आणि कर्मचारी जेव्हा जेव्हा आत शिरतो तेव्हा त्याची नोंद राहते, हेही स्पष्ट केलं. त्याच महिन्यात बिहारमधून एका तरुणाला अटक झाली. त्याची आई आरोग्यसेवेत काम करत असल्याचं बातम्यांत आलं.

कोण दोषी, कोण नाही हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं. पण प्रत्येक घराने थांबून विचार करावा असं यात काहीतरी आहे. आरोग्यसेविकेचा मोबाइल घरात सगळ्यांच्या हाती असतो. ‘आई, तुझं ॲप उघडत नाहीये, दे मी करून देतो,’ असं मुलगा प्रेमानेच म्हणतो. आईला एकेक नोंद भरताना दमायला होतं, म्हणून लेक तिच्या वतीने भरून टाकते. हेतू चांगलाच असतो. पण त्या क्षणी शेकडो लोकांच्या आजारपणाची किल्ली घरातल्या टेबलावर पडलेली असते.

दुसरा प्रसंग त्याआधीच्या वर्षीचा. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले. ओपीडी, लॅब, दाखल करणं, डिस्चार्ज हे सगळं सुमारे दोन आठवडे कागदावर चालवावं लागलं. पाच सर्व्हरना फटका बसला आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असं सरकारने नंतर संसदेत सांगितलं. कारण दिलं ते संगणक-जाळ्याचे कप्पे नीट वेगळे केलेले नसल्याचं. घराला एकच मोठं दालन असेल तर एका खिडकीतून आलेला चोर सगळीकडे फिरतो, तसं.

तंजावरच्या दप्तरातही कुलूप लागलेले कागद आहेत, फक्त ते काळाने लावलं आहे. मोडी लिपीतली हजारो कागदपत्रं तिथे आहेत, पण मोडी सहज वाचणारी माणसं थोडी उरली. माहिती समोर असून वाचता न येणं म्हणजे काय, हे त्या रुमालांत बांधलेल्या कागदांकडे पाहिलं की कळतं. एम्समध्ये तेच एका दिवसात झालं, आणि बाहेर पेशंट रांगेत उभे होते.

काम जेवढं, किल्ली तेवढी

तंजावरमध्ये आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, राजा मिरासदार रुग्णालय आहे, आणि भोवतालच्या भातशेतीच्या गावांत फिरणाऱ्या ग्राम आरोग्य परिचारिका आहेत. तामिळनाडूत गरोदर बाईची नोंद ‘पिक्मी’ या प्रणालीत होते आणि तिला एक क्रमांक मिळतो. बाळाच्या जन्मदाखल्यासाठीही तो लागतो. ५ ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकीय सेवा, ही योजना सुरू झाली. स्वयंसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब आणि साखर तपासतात, औषधं पोचवतात आणि नोंद ठेवतात. महाराष्ट्रात आपल्या आशाताई आणि एएनएम सिस्टर अशाच नोंदी करत असतात.

म्हणजे आता किल्ली फक्त मोठ्या इमारतीत नाही. ती सायकलवरून, एसटीतून, बांधावरून फिरते आहे. म्हणून प्रत्येकाच्या किल्लीने फक्त त्याच्या कामापुरतंच दार उघडायला हवं. नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाला नाव, पत्ता, फोन दिसावा. एचआयव्हीचा अहवाल किंवा मनोविकाराची औषधं दिसण्याचं कारण नाही. लॅबमधल्या तंत्रज्ञाला नमुना आणि तपासणी दिसावी. गावातल्या सेविकेला तिच्या गावची माणसं दिसावीत, जिल्हाभराची नकोत.

पण बेशुद्ध पेशंट आला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्याची फाइल उघडायची परवानगी नसली तर? त्यासाठी आणीबाणीचं दार ठेवतात. रेल्वेच्या डब्यातल्या साखळीसारखं. गरज पडली तर कुणीही ओढावी, गाडी थांबेल, पण का ओढली ते सांगावं लागेल. डॉक्टर कारण लिहून फाइल उघडतात, जीव वाचतो आणि नंतर त्या प्रत्येक वेळेची तपासणी होते.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली. वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न ठरावीक काळाने विभाग बदलतात, कंत्राटी कर्मचारी येतात-जातात. ओळखपत्र परत घेतलं जातं, पण लॉगिन महिनोन् महिने जिवंत राहतं. ज्या दिवशी माणूस जातो, त्याच दिवशी ते बंद व्हायला हवं.

किल्ली कुणाच्या हाती?

किल्ली देण्याआधी समोरची व्यक्ती खरोखर डॉक्टर किंवा नर्स आहे का, हे कळायला हवं. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही आहे. तिच्यात पदवी आणि परिषदेची नोंदणी तपासून ओळख क्रमांक मिळतो. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा स्वतंत्र राष्ट्रीय ओळख क्रमांकही आहे.

आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही आहात. तुमचा १४ आकडी ‘आभा’ क्रमांक. यात तुमच्या जुन्या नोंदी दुसऱ्या रुग्णालयाला पाहायच्या असतील तर तुमची संमती मागितली जाते. कोणत्या नोंदी आणि किती दिवस, हे तुम्ही ठरवता, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुमच्या हातात काय आहे?

पेशंट किंवा नातेवाईक असाल तर :

- ओटीपी आला की आधी संदेश पूर्ण वाचा. कशासाठी आहे ते कळल्याशिवाय आकडे सांगू नका. फोनवरून मागितला तर मुळीच नाही.
- काउंटरच्या संगणकाचा किंवा दुसऱ्याच्या फाइलचा फोटो काढू नका. रिपोर्ट कुटुंबाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी पेशंटला विचारा.
- औषध कुणी, किती वाजता दिलं, हे विचारायला संकोच करू नका. ‘सिस्टर, हे आत्ता तुम्हीच दिलंत ना? नोंद झाली का?’ एवढं नम्रपणे विचारलं तर चांगल्या सिस्टरांना राग येत नाही.
- संगणकावर काम चालू असताना घाई करू नका. ते अर्धं मिनिट तुमच्याच माणसासाठी आहे.

घरात कुणी आरोग्यसेवेत असेल तर :

- त्यांचा कामाचा मोबाइल किंवा ॲप इतरांनी वापरू नये. मदत करायची असेल तर शेजारी बसून शिकवा, बोटं त्यांचीच चालू द्या.
- त्यांनी जागेवरून उठताना लॉगआउट करायची सवय लावून घ्यावी. गॅस बंद करतो तितक्या सहज.
- वरिष्ठांनी ‘तुझं लॉगिन दे जरा’ म्हटलं तर नाही म्हणणं अवघड असतं. तेव्हा ‘सर, माझ्या नावावर नोंद जाईल, तुमचं उघडून देते’ हे वाक्य उपयोगी पडतं.

स्वतःचा छोटा दवाखाना असेल तर :

- रिसेप्शनिस्ट, कंपाउंडर आणि डॉक्टर यांची लॉगिनं वेगळी करा. याला खर्च लागत नाही.
- नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून तपासा.

रुग्णालयाकडे तक्रार करायची वेळ आली, तर आणखी एक गोष्ट मागा. फक्त ‘कडक नियम करा’ असं म्हणू नका. प्रत्येक वॉर्डात पुरेसे संगणक, पहिल्याच दिवशी लॉगिन आणि पटकन उघडणारी प्रणाली आहे का, ते विचारा. सहा जणींना एका संगणकावर ठेवून पासवर्ड वाटल्याबद्दल त्यांनाच दोष देणं हा न्याय नव्हे.

आज रात्रीही कुठल्याशा वॉर्डात कुणी एक सिस्टर इंजेक्शन देऊन संगणकाकडे वळतील. तिथे त्यांचं स्वतःचं नाव टाकायला फक्त दोन सेकंद लागले, तर त्या ते नक्की टाकतील. मग सकाळी डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असेल, दुपारच्या सिस्टर निर्धास्त झोपतील, आणि स्टुलावर बसलेल्या तुम्हालाही थोडा डोळा लागेल.